नातालीणआजीचं धुराचं कपाट

बसा मंडळी, बसा! मागच्या रांगेतल्यांनी खुर्च्या पुढे ओढा. अजून पुढे! तिकडे मंडपामागे काय बघताय? मागे काही नाही. क्रूस इकडे आहे, मेणबत्त्या इकडे आहेत, बोलणारा माणूसही इकडेच आहे. रोझरीची प्रार्थना झाली, आता हा कीर्तनाचा तास तुमचा नि माझा!

तर आज क्रुसाचा सण. या भोकरआळीच्या क्रुसापुढे मी तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. साधा आहे. पण उत्तर द्यायची घाई करू नका. ऐका हं —

घरात एखादी वस्तू आणायची झाली, तर निवडताना माणसानं बघावं कुठे? वस्तूकडे? की ती वस्तू बघायला येणाऱ्या लोकांकडे?

वस्तूकडे म्हणता? सगळेच? अरे वा! मग मला सांगा, त्या पलीकडच्या बंगल्यात सोफा आणला त्याला चार वर्षं झाली, त्यावरचं प्लास्टिक अजून का निघालं नाही? बसायला आणलाय की दाखवायला? ... हसू नका, घर कुणाचं ते मी सांगितलेलं नाही. हसणाऱ्यानंच ओळख दिली!

आता पेटीवर लुद्रिकमास्तर आहेत, त्यांनी जरा सूर धरावा. हं —

दार लाव रे, दार लाव,
जे मागितलं ते शिजू दे;
घाई तुझी रे बाजूस ठेव,
धुरास निवांत बसू दे!

'धुरास' कशाला म्हणाल. देवाधर्माच्या गाण्यात धूर कुठून आला? सांगतो. याच आळीतला धूर आहे. याच वर्षीचा.

मंडळी, नातालीणआजी तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरगावचे पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी सांगतो. वय चौऱ्याहत्तर, अंगानं काडी, आवाज मात्र या आळीपासून समुद्रापर्यंत! गेली चाळीस वर्षं या क्रुसाच्या सणाचं धुरावलेलं मांस तिच्या चुलीवरचं. डुकराच्या मांसाचे हातभर लांब तुकडे. त्यांना मीठ, ताडीचा सिरका, तिच्या हातचा मसाला. एक रात्र मुरवायचे. मग चुलीवर तार बांधून टांगायचे आणि खाली पेरूचं लाकूड, मंद, नुसतं धुमसत ठेवायचं. दोन दिवस! जाळ दिसला की आजी ओरडायची, "अगो, मला धूर हवा, होळी नको!"

आणि सणाला प्रत्येकाच्या ताटात तांदळाच्या भाकरीवर त्यातला एक तुकडा. एकच! पण त्या एका तुकड्यासाठी लोक बोरिवलीहून येतात. क्रुसासाठी येतात म्हणायचं आपण. देव सगळं जाणतो!

पुढे काय झालं? आजीला खोकला लागला. साधा नव्हे. जिना चढताना मध्ये बसावं लागे. डॉक्टर म्हणाले, "आजी, चाळीस वर्षांचा धूर छातीत बसलाय. आता चूल बंद." त्याच साली मुलानं जुनं घर पाडून नवं बांधलं. चकचकीत ओटा, गॅस, पांढऱ्या लाद्या. चूल कुठे राहणार? गेली.

मग आळीचे पुढारी पास्कूमामा घरी आले. हे काय, समोरच बसलेत, गळ्यात मफलर. मे महिन्यात मफलर! मामा बोलले मायेनंच. म्हणाले, "नातालीणबाय, पुष्कळ केलंस. आता बस. यंदापासून सणाचं जेवण केटररला देऊ."

आजी म्हणाली, "बरं."

एवढंच! जिचा आवाज समुद्रापर्यंत जातो ती नुसतं 'बरं' म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती ओटीवर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सून फिलू सांगते, "बुवा, आमची आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी विचारलं, दुखतंय का? तर म्हणाली, दुखत नाही गं, काही कामच नाही."

मंडळी, म्हाताऱ्या माणसाला औषध चुकलं तर चालतं एक वेळ. काम काढून घेतलं की माणूस भिंतीकडे वळतो! हे मी माझ्या वडिलांचं बघितलंय, म्हणून ठासून सांगतो.

आता येतो आपला नायक. मुलगा, इनास! बँकेत साहेब, मनानं सोनं, फक्त एक खोड. लोक काय म्हणतील हे त्याला लोकांच्या आधी ऐकू येतं! त्यानं मोबाईलवर शोधलं आणि आईपुढे येऊन बसला. "आय, विजेवरचं यंत्र मिळतं. इलेक्ट्रिक स्मोकर! आत मांस टांगायचं, मूठभर लाकडाचे तुकडे घालायचे, बटण दाबायचं. दोन दिवसांचं काम सहा तासांत! धूर कपाटाच्या आत, आपण बाहेर!"

आजी भिंतीकडून वळली. "धुराचं कपाट?"

"हो, कपाटच!"

"चल, दाखव."

गेली दोघं दुकानात. इनासनं पास्कूमामांकडून शब्दही घेऊन ठेवला होता. मामा म्हणाले, "रविवारी मला चाखव. जमलं तर सण नातालीणचा. नाही जमलं, तर केटरर नक्की." कळलं ना काय पणाला लागलं ते?

दुकानात दोन कपाटं. एक माणसाएवढं उंच! पुढून काचेचं दार, आत निळा दिवा, मोबाईलला जोडता येतं. गाणं तेवढं म्हणत नव्हतं! आणि दुसरं? कमरेएवढं, काळं, लोखंडी दाराचं. आपल्या जुन्या तिजोरीसारखं. कुणी पाहुणा आला तर नजर न टाकता पुढे जाईल असं.

आजीनं शेठना तीन प्रश्न विचारले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पहिल्यांदा यंत्र बघतेय, आणि प्रश्न बघा!

"शेठ, आत धूर चालू असताना लाकूड संपलं तर कुठून घालायचं?"

मोठ्या कपाटाचं दार उघडूनच घालावं लागे. छोट्याला बाजूला एक नळकांडं होतं. बाहेरूनच लाकूड सारायचं, दाराला हात लावायचा नाही.

"दार बसतं कसं?"

मोठ्याचं दार लोहचुंबकावर. बोट लावलं की उघडलं! छोट्याला कडेनं जाड रबर आणि वर खिट्टी.

"आणि वीज गेली तर?"

वसईच्या बाईनं वीज गेली तर विचारायचं नाही तर कुणी विचारायचं! शेठ म्हणाले, "आजी, छोट्याच्या भिंती दुहेरी आहेत. दार बंद ठेवलंत तर तासभर ऊब धरतं. मोठ्याचं... काच आहे ना."

आजी म्हणाली, "मग हे छोटं."

आणि इनास काय म्हणाला? "आय, लोक बघायला येतील. हे डबडं काय दाखवायचं?"

मोठं आणलं! टेम्पोतून, दोरीनं बांधून, आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टेम्पो सरळ रस्त्यानं घरी जात होता, इनासनं विहिरीवरून वळसा घालायला लावला!

(लुद्रिकमास्तर, वाजवा जरा. 'दार लाव रे, दार लाव...' पुरे, पुरे, भूक लागेल तुम्हाला.)

रविवार उजाडला. चर्चमध्ये मिस्सा झाली, फादर आले, यंत्रावर पवित्र पाणी शिंपडलं. सकाळी दहाला आजीनं मांस टांगलं, दार लावलं, दिवा लागला. काचेमागे निळ्या उजेडात तुकडे लटकताहेत, धूर फिरतोय. काय ते दृश्य!

आता मंडळी, आपली रीत. कुणाकडे नवी वस्तू आली की आपण बघायला जातो. न गेलो तर ती माणसं रागावतात. पहिली आली शेजारची माठाबाय. दोन मिनिटं काचेतून बघितलं. मग म्हणाली, "वास कसा येतो बघू?" उघडलं दार! भस्सकन धूर बाहेर. "मस्त!" लावलं. मग आले दोघे चुलतभाऊ. "आतून केवढं आहे?" उघडलं! मग कुणाची तरी मुंबईची नणंद, तिला फोटो हवा आणि काचेवर चमक येते. उघडलं! इनास प्रत्येकाला म्हणतोय, "उघडा ना, उघडा, आपलंच आहे!"

फिलूनं मोजलं. दुपारी तीनपर्यंत दार सतरा वेळा उघडलं! आजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होती. दोनदा म्हणाली, "दार लावा रे." पण पाहुण्यांना कुणी अडवतं का?

चार वाजता मामा आले. तुकडा कापला. बाहेरून तपकिरी, देखणा! आणि आतून? आतून गुलाबी, कच्चा! मामांनी ताट हळूच खाली ठेवलं. म्हणाले, "नातालीणबाय, राहू दे आता. नको त्रास." खरं की नाही, मामा? ... मान डोलावतात बघा. खरा माणूस!

सगळे गेल्यावर इनास त्या यंत्राला शिव्या घालू लागला. इथे क्रुसापुढे सांगता येणार नाहीत अशा. आजी उठली. आणि कित्येक दिवसांनी तिचा आवाज समुद्रापर्यंत गेला!

"यंत्राला काय बोलतोस? त्याचं काय चुकलं? धुराला आत बसू दिलंत का तुम्ही? चाळीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात कुणाची पाय ठेवायची टाप नव्हती. तू पहिल्याच दिवशी जत्रा भरवलीस! मला कपाट हवं होतं इनास, तू देव्हारा आणलास!"

मुलगा रडला. बँकेतला साहेब, खरंच रडला. आणि सोमवारी रजा टाकून ते काचेचं कपाट परत घेऊन गेला. या वेळी विहिरीवरून नाही! शेठ भला माणूस, बदलून दिलं. संध्याकाळी ते काळं, बुटकं कपाट मागच्या पडवीत येऊन बसलं. कुणाला सांगितलं नाही. फादरांनाही नाही!

बुधवारी सकाळी आजीनं मांस टांगलं, खिट्टी लावली. स्वतः वाऱ्याच्या उलट बाजूला, दहा पावलांवर खुर्ची टाकून बसली. इनासला काम एकच. अधूनमधून नळकांड्यातून मूठभर पेरूचं लाकूड सारायचं. एक तास. दोन तास. इनासचा हात खिट्टीकडे गेला. "आय, जरा बघू...?" आजीच्या हातात लाकडी डाव होता. बसला मनगटावर! वळ आठ दिवस होता. त्यानंच मला दाखवला, अभिमानानं!

आणि साडेबाराला गेली वीज!

आता बोला! फिलू धावत आली, इनास उभा राहिला. "आय, काढूया का? गॅसवर तरी भाजू! सगळं वाया जाईल!" सण बारा दिवसांवर, मामांचा नकार झालेला, हातातली ही शेवटची संधी आणि आत मांस थंड होतंय की काय ते दिसत नाही. काचच नाही ना!

आजी म्हणाली, "जे लावलंय ते लावलेलंच राहू दे."

"पण आत काय चाललंय ते कळणार कसं?"

"मला कळायचं कारण नाही. धुराला कळतंय."

पस्तीस मिनिटं! तिघं जण त्या बंद दाराकडे बघत बसली. फिलूनं रोझरीची एक माळ पूर्ण केली. मग दारावरचा छोटा लाल दिवा लागला. वीज आली. चार वाजता आजीनं खिट्टी काढली. एकदाच! उष्णता मोजायचा काटा मांसात खुपसून बघितला, मान डोलावली, आणि एक तुकडा झाकून फिलूच्या हाती मामांकडे धाडला. सोबत निरोप नाही, काही नाही.

मामांनी खाल्ला. मग चपला न घालता, हातातलं ताट तसंच घेऊन, आळीतून चालत आले आणि दारातून ओरडले, "नातालीण! चूल कुठे लपवून ठेवली होतीस?"

मंडळी, गोष्ट मांसाची होती, कपाटाची होती. पण मला आता तुमच्याकडे वळायचंय. मुलाला कॉलेज निवडता, तेव्हा त्याचा कल बघता की नावाची पाटी? मुलीला स्थळ निवडता, तेव्हा माणूस बघता की लग्नाच्या व्हिडिओत तो कसा दिसेल ते? काचेचं दार आणि निळा दिवा! आपण सगळे तिथेच भुलतो. मीसुद्धा. हे जरीचं उपरणं बघा ना, याच्याशिवाय कीर्तन होत नाही का?

आणि देवाशी आपण कसे वागतो? मागणं मागतो, क्रुसापुढे मेणबत्ती लावतो, आणि घरी जाऊन पाच मिनिटांत दार उघडतो. झालं का? परत उघडतो. अजून नाही? शेजाऱ्यालाही बोलावतो, बघ रे, माझं मागणं कुठवर आलं! मग कच्चं राहिलं की दोष देवाचा! अरे, त्याला बसू दे ना आत! वीज गेली असं तुला वाटतंय, पण भिंती दुहेरी आहेत त्याच्या. तू फक्त दार लावून ठेव!

आता शेवटचं, आणि खरं सांगतो. छोटं कपाट, दीडशे माणसं. आजी परवापासून खेपेखेपेनं मांस धुरावतेय. शेवटची खेप दुपारी तीनला चढली, या मंडपाच्या मागे. मी आल्या आल्या तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "बुवा, लांबलचक गोष्ट सांगा. काहीही सांगा. पण एकालाही मागे येऊ देऊ नका!"

म्हणून मघापासून ओरडतोय, मागे बघू नका! आणि तरी माठाबाय, तुम्ही दोनदा पाणी प्यायला उठलात. पाण्याचा माठ पुढे आहे!

... थांबा. ऐकलंत? क्रुसाखालची छोटी घंटा. आमचं ठरलं होतं. घंटा वाजली, म्हणजे खिट्टी निघाली. तिच्या हातानं, एकदाच. आला ना वास? पेरूचाच!

बसा, बसा, धावू नका! रांगेनं जा. पहिलं ताट मामांचं. आणि एवढं माझं ऐका. आजीसमोर ताट धराल, तेव्हा 'छान झालंय' म्हणू नका. 'या वयात कमाल केलीत' तर मुळीच म्हणू नका. तिच्या डोळ्यांत बघा आणि प्रत्येकानं एवढंच विचारा —

"आजी, पुढच्या वर्षी किती वाजता टांगणार?"