तबेल्याचं उघडं दार

(ऑगस्टची दुपार, उत्तर कॅलिफोर्निया. डोंगररस्त्यावर वणवा विझवणारं पथक. एमेट खालच्या कुरणातून वॉकीटॉकीवर बोलतोय.)

ऑर्टेगा : मशाल टेकव, रोंडा! वारा फिरलाय. इथून खाली आपणच आग सोडून मधलं रान आधी जाळलं नाही, तर वणवा रस्ता ओलांडून थेट पुलावर जाईल. गाड्या अडकल्यात तिथं, पोराबाळांसकट!

रोंडा : खाली माझा भाऊ आहे.

ऑर्टेगा : आणि पुलावर माझी बायको आहे!

रोंडा : एमेट! गाढवा, निघालास का?

एमेट : चारही घोड्या बाहेर काढल्या होत्या गं. तबेल्याचं दार लावायचं राहिलं. परत आत घुसल्या.

रोंडा : दार राहिलं? घाबरलेलं घोडं घराकडंच पळतं, बाबा ओरडून ओरडून मेले ना सांगत! मर तिकडं! नको, नको रे... ट्रक काढ आणि ये.

एमेट : ट्रक जळतोय. वाटेवर झाडं पडलीत.

ऑर्टेगा : आण ती मशाल इकडं!

रोंडा : हात लाव, कुऱ्हाड घालते डोक्यात! एमेट, ऐक. कुरण पेटव. तुझ्या हातानं, आत्ता. वाळलं गवत आहे, भसकन जळून जाईल. मग त्या राखेत जाऊन उभा राहा. वणव्याला तिथं खायला काही उरणार नाही.

एमेट : वारा तबेल्याकडं आहे. कुरण पेटवलं की आधी तबेला जाईल. ऐकू येतंय ना, कशा किंचाळतायत?

रोंडा : येतंय. ओढून काढ एकेकीला.

एमेट : डावा हात भाजून सोललाय. वेळ एकीपुरताच आहे. बाकीच्या जिवंत जाळू?

रोंडा : बाबांची बंदूक?

एमेट : आहे. तू सांगतेयस हे? तू?

रोंडा : मी सांगतेय. कपाळाला टेकवून मार. मग कुरण पेटव.

ऑर्टेगा : गोळ्या? काय चाललंय खाली?

रोंडा : गप्प! तीन झाल्या. एमेट, चौथी राहिली रे. एमेट!

ऑर्टेगा : कुरणातून धूर निघाला बघ. पेटवलं त्यानं. आता तू लाव, रोंडा. तो बघ वणवा, ओढा ओलांडला. झाडं फुटतायत नुसती!

रोंडा : एमेट, बोल काहीतरी. शिव्या दे मला. तुझा आवाज ऐकल्याशिवाय हात उठत नाहीये माझा.

ऑर्टेगा : पाया पडतो तुझ्या. माझी बायको आहे गं तिथं.

रोंडा : एमेट...

एमेट : आहे. धुरानं घसा धरलाय. चौथीच्या, म्हाताऱ्या पर्लच्या, डोळ्यांवर शर्ट बांधला. दिसेना तेव्हा आली मुकाट्यानं. राखेत उभे आहोत दोघं. लाव तू आता.