कुठं ते विचारत नाही

—तसं नाही रे रघुपती, मी काही चोरून ऐकत नव्हते. नळावर घागर घेऊन उभी होते, मग कान काय घरी ठेवून जायचे? सकवारबाई गंगव्वाला सांगत होती, ‘रघुपती वसूला सायकलवर घेऊन चाललाय, आणि आता तिथंच—’ एवढं म्हणाली आणि नळाला पाणी आलं. आधी नुसता वारा सुटतो ना नळातून, फुर्र करून, आणि मग एकदम धार. त्यात गंगव्वाची ती तांब्याची घागर, देवळातल्या घंटेसारखी वाजते मेली — पुढचं सगळं त्या घागरीत गेलं. तिथंच काय? तिथंच राहणार? तिथंच ठेवणार? नंतर मी सकवारबाईला जिन्यात गाठलं, तर म्हणते, कृष्णाक्का, मी कुठं काय म्हणाले. घ्या.

तुलाच सरळ विचारलं असतं. पण निघणाऱ्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये, ही आपल्यात रीत. आमच्या सासूबाईंनी एकदा मामंजींना जोड्यांत पाय घालताना विचारलं, तर ते तसेच फिरले, आत येऊन पाणी प्यायले, आणि त्या दिवशीचं जाणंच राहिलं. या वठारातली, दहाही बिऱ्हाडांतली एकूणएक बाई ती रीत पाळते, म्हणून तर तुला कोणी विचारलं नाही — आणि सगळ्यांनी एकमेकींना विचारलं. मीही विचारत नाही. कुठं ते विचारतच नाही मी. नुसता रस्ता कुठला धरणार, तेवढं विचारतेय. रस्ता विचारायला काय हरकत आहे? रस्ता म्हणजे काही गाव नव्हे. बैस. त्या पाटावर नको, तो डुगडुगतो. हां, इथं. आणि हळू बोल — म्हणजे तू बोलतच नाहीस म्हणा — वसूचा आत आत्ताच डोळा लागलाय.

तर बघ, मला कळतं तेवढं सांगते. महादेवपुऱ्याकडचा रस्ता असला तर चिंताच नको. दोन्ही अंगांना नाचणीची शेतं, सगळं सपाट, वाटेत भेटली तर एखादी बैलगाडी. पाच वर्षांच्या पोरीला पुढं बसवून जायला याहून चांगला रस्ता अख्ख्या बंगळुरात नाही. काय, तिकडचाच ना? — नाही. भुवईसुद्धा हलली नाही तुझी. सरी, बरं. मग यशवंतपुरावरून तुमकुराचा? अरे, तो काय रस्ता आहे? बाजाराच्या लॉऱ्या सगळ्या, गुळाच्या ढेपा भरलेल्या, आणि चालवणारा रात्रभर जागलेला. त्याला पुढची सायकल दिसेना, त्या सायकलवरची एवढीशी पोर कुठली दिसायला? त्यात ते आगगाडीचं फाटक. पडलं की सगळे अडतात आणि उघडलं की सगळे एकदम सुटतात, गाड्या काय, बैल काय, हमाल काय. त्या रेट्यात तुझं पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं म्हणजे? रूळ उतरून ओलांडावा, सायकल हातात धरून. तू बसूनच ओलांडतोस, मी पाहिलंय — कधी पाहिलं ते राहू दे. एकटा असताना काय करायचं ते कर. पोर पुढं असताना नाही.

काय? मानेनं नाही म्हणालास. म्हणजे यशवंतपूरही नाही. मग राहिलं काय? हेब्बाळ. हेब्बाळ, पुढं येलहंका, आणि येलहंक्याच्या पुढं... हं.

दोडबळ्ळापूर. कमलाचं माहेर.

मी विचारलं नाही हां. माझ्या तोंडून प्रश्न गेला नाही, तुझ्या तोंडून नाव निघालं नाही. रस्त्यानंच सांगितलं, त्याला मी काय करू?

बरं, जावं की. का जाऊ नये? बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, मुलगा झालाय, बापानं मुलाचं तोंड बघायला जावं, बहिणीला भाऊ दाखवावा. पण मला एक सांग, तोंड बघायला जाणारा माणूस आगगाडीनं जातो. सकाळी बसला, दुपारी तिथं. सायकल घेऊन जाणारा माणूस तिथं सायकल चालवायला जातो. तुझ्या सासऱ्यांचे माग आहेत, लुगड्यांचं काम वाढलंय, त्यांना हिशेबाला घरचं माणूस पाहिजेच होतं. जावई हाताशी आला तर नको का म्हणतील? हे मी नाही म्हणत. नळावर बोलतात. सकवारबाई म्हणाली. — सकवारबाई नाही, मीच तिला म्हणाले असेन, असं असेल का म्हणून. पण तिनं नाही म्हटलं नाही, एवढं खरं. आणि तिथून ते दहाही खोल्यांत फिरून परत माझ्याकडे आलं तेव्हा कसं पक्कं होऊन आलं, की मलाच धडकी भरली.

तुला काय वाटतं, कृष्णाक्काला दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय. आहेच. पण संक्रांतीला कमला मोटारीत बसली आणि वसूला माझ्या कडेवर देऊन गेली, ते कोणी सांगितलं होतं? मी मागितली नव्हती. मोटार लागते पोरीला, पेट्रोलच्या वासानंच ओकते, आणि तू इथं एकटा, म्हणून राहिली. तू सकाळी ऑफिसला गेलास की ती माझी. पहिले काही दिवस दारात बसून असायची, जेवायची नाही. मग दहीभात कालवून मी नुसता ताट घेऊन शेजारी बसायला लागले, तिच्याकडे न बघता. न बघितलं की जेवते ती. तुला ठाऊक नसेल. तिकडे तिच्या आजीला सांग. सगळे तोंडाकडे बघत बसले तर उपाशी राहील.

तर रस्ता. हेब्बाळच्या तळ्याचा बांध लागतो, तिथं वारा आडवा येतो. सकाळी लवकर गेलास तर नसतो, ऊन चढलं की सुटतो. तिथं बसून जायचं नाही, उतरायचं, तळ्याच्या अंगाला तू आणि आतल्या अंगाला सायकल. येलहंक्याला विमानं फार खालून जातात. त्यानं काय होतं? तुला काही होत नाही, पोर वर बघते. मान वर गेली की पाय सैल सुटतात, आणि पाय गेला चाकाच्या आऱ्यांत — मला ते डोळ्यांसमोर येतं रे, चुलीपुढं बसलं तरी येतं. विमानाचा आवाज आला की थांब, तिला पोटभर बघू दे, मग पुढं जा. राजनकुंट्यानंतर चिंचेची झाडं आहेत दोन्हीकडून, सावलीच सावली. त्यातच एका वळणावर विहीर आहे, चार पायऱ्यांची, पाणी गोड आहे. तिथं बसून तिला खायला दे. त्याच्या पुढं जो उतार आहे तो दिसत नाही, झाडांमुळे सपाटच वाटतं, आणि खाली गेल्यावर कळतं की अरे—

मला कसं ठाऊक? ज्योतिबा दूधवाल्यानं सांगितलं. येलहंक्याहून येतो ना तो रोज. — हो, येलहंक्याहूनच येतो. त्याच्या पुढचं त्याला कुठून ठाऊक असणार, ते खरंच. दूध काही दोडबळ्ळापुराहून येत नाही.

बरं. गेले होते मी. वठारात सांगितलं बसवनगुडीला देवदर्शनाला जाते, वसूला दिवसभर गंगव्वाकडे ठेवलं आणि बसले मोटारीत. जाताना एक बाजू बघितली, येताना दुसरी. विहिरीशी मोटार थांबली होती इंजिनात पाणी घालायला, तेव्हा मीही खाली उतरून ओंजळभर प्यायले. नुसतं बघून पाणी गोड की खारट ते कळतं का? हसू नकोस. तुझ्या आईनं केलं असतं, ती असती तर.

म्हणजे आधीपासून ठाऊक होतं, मग महादेवपुऱ्याचं आणि यशवंतपुराचं उगाच विचारलं, असंच ना? उगाच नाही रे. वाटलं, तिकडचं काही निघालं तर बरं. यशवंतपुराला कोणी आप्त असेल, दिवसभर जाऊन संध्याकाळी परत. तुझी मान हलेपर्यंत मी तीच वाट बघत होते.

आता एकदाच विचारते. कुठं ते नाही. रीत मोडत नाही मी. पण परत येणार ना ती?

...काय म्हणालास? जरा मोठ्यानं बोल. उठू दे उठली तर.

श्रावणात. तू सोमवारीच येणार. एकटा. आणि ती राहणार तिथं आईपाशी, भावापाशी. श्रावण लागला की कमला दोघांना घेऊन येणार. खोली सोडत नाहीस. मागांचं काय? — सासऱ्यांनी विचारलंच नाही? बरं, बरं, ते माझंच होतं, सोड. आणि सायकल कशाला, तर पोरीला मोटार लागते आणि आगगाडीच्या इंजिनाला भिते म्हणून. एवढंच. आणि मी इथं सायकलवरून तुमचा अख्खा संसार उचलून तिकडे नेऊन ठेवला.

म्हणजे सकवारबाईचं ‘तिथंच’ अगदीच खोटं नव्हतं. तिथंच ठेवणार, हे खरं. नुसतं कधीपर्यंत ते घागरीत गेलं.

पण आत्ता चैत्र आहे रघुपती. श्रावण म्हणजे लांब आहे स्वल्प. एवढ्या वयात विसरतात मुलं. — विसरतात रे. तुला काय ठाऊक. आई मिळाली, खेळायला भाऊ मिळाला, की शेजारची कृष्णाक्का कोण? आणि विसरावंच. आईपाशी असताना माझी आठवण काढून रडली तर ते काय मला बरं वाटेल? — बरं वाटेल थोडं. थोडंच.

थांब, उठू नकोस. ही उशी घे. तुझ्या पुढच्या दांड्यावरच्या त्या बैठकीला नुसतं पत्र्याचं टेकण आहे, एवढ्या लांब बसली तर पोरीच्या पाठीची सालटं निघतील. मापानं शिवलीय. तू ऑफिसमधून येऊन झोपलास की बाहेर येऊन सायकल मोजत होते मी, चोरासारखी. या दोन नाड्या दांड्याला बांधायच्या, आणि या दोन तिच्या पायांना, ढिल्या, पाय आऱ्यांकडे जाऊ नयेत एवढ्याच. गाठ मारू नकोस, फास घाल, ओढला की सुटला पाहिजे. आणि नीट ऐक, ही उशी मी दिलेली नाही. उसनी आहे. यातला कापूस माझ्या उशीतला, जिच्यावर ती दुपारी झोपते तिच्यातला. तिथं विसरून यायची नाही, बाळाच्या डोक्याखाली घालायची नाही. सोमवारी तुझ्याबरोबरही आणायची नाही. श्रावणात तिनं स्वतःच्या हातानं माझ्या दारात आणून द्यायची.

आणि उद्या तू वठाराच्या फाटकाबाहेर पडलास की मी मागून हाक मारणार नाही, तीही रीत आहे, म्हणून सगळं आत्ताच सांगून ठेवलं. बांधावर उतरायचं. विमान आलं की थांबायचं. विहिरीच्या पुढचा उतार पायी. विहीर लक्षात आहे ना, चार पायऱ्यांची?

नको, उचलू नकोस तिला. आज रात्री इथंच राहू दे. पहाटे ये, दार नुसतं लोटलेलं असेल. उशीत कापूस उरला नाही, पण माझा दंड आहे. जा आता. जा म्हटलं ना, साखळीला तेल घाल जा.