पेटी गेली, माशा आल्या

हॅलो?… हां ताई, बोल.

…काय? सोडलं पण? अगं, संध्याकाळी सोडणार म्हणाले होते ना डॉक्टर?

…थांब. थांब थांब थांब. टॅक्सीत बसू नकोस. …अगं ऐक ना… आईला टॅक्सीत बसवू नकोस. हॉस्पिटलमध्येच थांबा.

…नाही, वेड नाही लागलं मला.

…हो, हलवली. हलवली गं पेटी! काल रात्रीच हलवली. शप्पथ. हवं तर फोटो पाठवते, दाराशेजारी नुसतं स्टूल उभं आहे, रिकामं.

…मग काय? मग माशा आहेत.

…मधमाशा. आपल्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार?

…ओरडू नकोस. आई शेजारी आहे ना तुझ्या?… मग दोन पावलं बाजूला हो आणि तिकडे ओरड. …झालीस? आता मधे बोलू नकोस, मला एकदा सांगू दे.

पेटी नेली बेकरीवाल्याच्या गच्चीवर. सकाळी तिचं तोंड उघडलं. माशा बाहेर पडल्या, फुलांवर गेल्या, आणि घरी परत आल्या. घरी म्हणजे इथे. आपल्या दारात. त्यांना काय माहीत, रात्रीत बिऱ्हाड हललं ते?

…सगळ्या नाही. राणी तिकडेच आहे. अळ्या, कोवळ्या माशा, सगळं तिकडे. बाहेर हिंडणाऱ्या जेवढ्या, तेवढ्या इकडे आल्यात.

…तेवढ्या म्हणजे हजारोंनी, ताई.

…कुठे म्हणजे? चौकटीवर. मीटरच्या डब्यावर. चपलांच्या रॅकवर. बेलचं बटण दिसतच नाहीये, एवढा घोस लोंबतोय तिथे. मी आत आहे. खिडकी लावून काचेतून बघतेय.

…नाही, अजून कुणाला चावल्या नाहीत. शेजारच्या काकू खिडक्या लावून बसल्यात. मघाशी काचेतून मला हात जोडून दाखवले. पाया पडत होत्या का कायमचा रामराम करत होत्या, कळलं नाही.

…बेकरीवाल्याकडेच का? दुसरं कोण घेत होतं? नाव सांग एक. …पेटीवाले काका लेकीकडे गेलेत, त्यांचा टेम्पो रविवारशिवाय यायचा नाही. सांगितलं होतं मी तुला. सांगितलं नव्हतं? तू काय म्हणालीस? "उद्या पेटी दारात दिसली तर मी स्वतः रॉकेल ओतीन." म्हणालीस का नाही?

…हो, माहीत होतं. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. पेटी हलवायची तर वीतभर, नाहीतर पार परगावी, मधलं काही नाही. दोन गल्ल्या म्हणजे मधलंच. माहीत होतं मला.

…का म्हणजे? तू फोन आपटलास, माझं डोकं फिरलं. म्हटलं, घे बाई, तुझ्या मनासारखं होऊ दे. पेटीच्या तोंडात चिंधी कोंबली, बेकरीची हातगाडी घेतली आणि नेली ढकलत.

…हो. हात दाखवून अवलक्षण. अजून काही?

…मागचं दार? आपल्याला मागचं दार कुठाय? एकच दार आहे. दोन वर्षं बाहेर काय राहिलीस, घरच विसरलीस तू!

…फायर ब्रिगेडला केला ना. आग लागलीय का म्हणाला. म्हटलं नाही. मग कशाला फोन केला, म्हणाला. ठेवला.

…धूर पण करून बघितला, खिडकीच्या फटीतून. धुराने त्या नुसत्या गप्प होतात. पळून जाणार कुठे? जायची जागा हीच आहे त्यांची.

…पांघरूण घालून? आईला? गुंडाळून पळत आत आणायचं? आणि पांघरुणात एक शिरली तर? डॉक्टर काय म्हणाले ते तूच सांगितलंस ना मला, पुढचा एक डंख झाला तर इंजेक्शन द्यायलासुद्धा वेळ मिळेलच असं नाही. मग? मागच्या वेळी तरी कुठे थवा आला होता? कॉलरच्या घडीत एकच होती.

…हो, पेटीजवळ घालायच्या माझ्याच जॅकेटच्या. हो, न झटकताच टाकलं मी धुवायला. रोज तेच ऐकवतेस. तिचे ओठ निळे पडलेले मी बघितलेत, तू नाही. मोरीत अशी बसली होती भिंतीला टेकून, आणि मी म्हणतेय, आई नाटकं नको करूस. मला ऐकवू नकोस तू.

…झालं सुरू! हो, सोडली शाळा. टायपिंग पण सोडलं. पार्लर आठवड्यात सोडलं, ती बाई गिऱ्हाइकासमोर माझ्या बोटांवर कंगवा मारायची म्हणून. सगळं सोडलं. आणि हे एक सोडलं नाही तर तुम्हाला…

…काय?

…कोण म्हणालं? आई म्हणाली? कधी?

…आधीपासून?

…थांब. डंख नसताना? नुसते माझे कपडे धुऊन?

…म्हणजे काय, विष कपड्यात? जॅकेटला डंख बसतात ते माहीत आहे मला, काटे निघतात त्यातून, पण ते… हां… हां. …असं डॉक्टर म्हणाले? रोज थोडं थोडं भिनत गेलं अंगात?

…कुठपर्यंत सूज?… कोपरापर्यंत?

…नाही. मला काहीच नाही बोलली. …नाही गं ताई, खरंच.

…अगं, पण ती रबरी हातमोजे घालायला लागली होती. कपडे धुताना. मी म्हटलं, काय गं, ऑपरेशन करतेयस का माझ्या पँटचं? …ती पण हसली. म्हणाली, साबण लागतो हल्ली.

…मी बघितलंच नाही. बाहीसुद्धा लांब घालायची. उकाड्यात. मी… ताई, मला सगळं दिसतं. माशीच्या पायावरचा पराग बघून सांगते मी, कुठल्या फुलावरून आली ते. राणी दिसत नसली तरी ती आहे का नाही ते पेटीचा आवाज ऐकून कळतं मला. काका म्हणाले, वर्षानुवर्षं कळत नाही लोकांना. आणि हिचे हात रोज माझ्यासमोर ताट ठेवत होते.

…का नाही सांगितलं पण तिने?

…नीट सांग. ती कशी बोलली तसं सांग.

…आपणहून उठायला लागली होती, एवढंच?

…पेटी आल्यापासून मी सकाळी आपणहून उठते म्हणून?

…

…आहे. आहे गं फोनवर. …नाही, रडत नाहीये. रडले की कळवीन तुला.

…बरं, ते राहू दे. आता ऐक. आज तिला इथे आणायचं नाही, निदान उजेड असेपर्यंत नाही. …बेड दिला दुसऱ्याला? मग बाकावर आडवी कर. …मावशीकडे नको, चार जिने आहेत. कँटीनमध्ये बसव, चहा पाज. तुझी गाडी रात्रीची आहे ना? मग आहे वेळ.

…पेटी इथे परत आणली तर जातील ना आत. सुरसुर करत जातील. पण मग पेटी इथे, आणि आई इथे. रात्री पुन्हा तिकडे नेली तर उद्या पुन्हा इथे. परवा पुन्हा. रविवारपर्यंत रोज हेच.

…बंद करून ठेवली तर उकाड्याने मरतील. सगळ्याच. राणीसकट. पोळं वितळतं गं आत.

…तेच सांगतेय मी मघापासून. दुसरं काही नाहीये.

…काय करणार म्हणजे? तुला काय वाटतं, काय करणार?

…औषध नको. औषध मारलं की एखादी अर्धमेली उडते, बेकरीवर जाऊन पडते, मग तिकडच्यापण जातील. साबणाचं पाणी. भांडी घासायचा साबण, बादलीभर पाण्यात. अंगावर पडलं की उडता येत नाही, श्वास बंद होतो. खाली पडतात.

…लगेच नाही. थोडा वेळ पाय हलवतात.

…काकांनी दाखवलं होतं एकदा. त्यांच्याकडच्या रोगट पेटीचं. मी बघितलं नव्हतं, तोंड फिरवून उभी होते. म्हणाले, मध काढायला शिकलीस, हेही शिकावं लागतं. म्हटलं, मला नाही लागणार.

…काय घालू म्हणजे? जॅकेट तूच टाकलंस ना कचऱ्यात, जाळीच्या टोपीसकट. …टोमणा नाही मारत, विचारलंस म्हणून सांगितलं. तुझा जांभळा रेनकोट आहे, कॉलेजमधला. खिडकीचा जाळीचा पडदा काढलाय, तो डोक्याला बांधते. …दिसेना का ध्यान! कोण बघतंय? काकू? बघू दे.

…मला काही होत नाही. बसतील दोनचार डंख, काय मरते मी?

…सॉरी. तोंडातून गेलं.

…कोण? कोणाला देतेस?… नको, ताई, आत्ता नको देऊस तिला…

…आई?

…तू उभी का आहेस? बस ना कुठेतरी. …हो, जेवले. …हो गं, खरंच. आवाज असाच आहे, धूर केला होता ना.

…कोण म्हणालं? ताई काहीही बोलते. नाही मारत कुणाला. …आल्यात थोड्या. थोड्याच.

…पाणी? …हो, ठेवलं बशीत. …खडे पण घातले, बुडू नयेत म्हणून. तू घालायचीस तसेच.

…नाही, मागच्या खोलीत दार लावून वगैरे काही बसायचं नाही तुला. रविवारपर्यंत काय कोंडून घेतेस? अगं, त्या आपोआप जातात. अंधार पडला की पेटीचा वास काढत जातात. …हो, दोन गल्ल्या असल्या तरी. …सगळ्या. काकांनीच सांगितलंय, तू येशील तेव्हा एक पण नसेल.

…आई.

…हात कसे आहेत तुझे?

…काही नाही. असंच विचारलं.

…बरं. हो. तू चहा घे. …दे तिला.

…ताई? लांब जा जरा. …मग काय सांगायचं होतं? खरं सांगितलं तर ती आत्ता टॅक्सी करून येईल, मी मागच्या खोलीत बसते, तू त्यांना हात लावू नकोस म्हणेल. येईलच ती. तू ओळखत नाहीस का तिला? …हो, खोटं. कळलं मला. तू तरी तेच सांग, बास. नंतर कधी विचारलं तरी तेच.

…आता नीट ऐक. लाइट लागल्याशिवाय निघू नकोस. आत्ता काही बाहेर गेल्यात, त्या येत राहतील संध्याकाळपर्यंत. एकदा मारून नाही भागायचं, दिवसभर उभं राहावं लागेल. निघालीस की टॅक्सी कोपऱ्यावर थांबव आणि आधी मला फोन कर. मी पायरी, चौकट, रॅक सगळं झाडून धुऊन ठेवते. मेलेली पण राहता कामा नये. मेलेल्या माशीचा काटासुद्धा टोचतो, पाय पडला तर.

…तू येतेस? एकटी? आणि आईजवळ कोण? …नको. उंटावरून शेळ्या हाकल्यास तेवढं पुरे, तिथेच थांब. …अगं, चिडून नाही म्हणत. खरंच नको. तुला नाही जमणार. मला पण नाही जमणार, पण मला निदान कुठे मारायचं ते माहीत आहे.

…आत्ता? आत्ता काही नाही करत. काही चौकटीवर बसल्यात. बाकीच्या स्टुलाच्या वर उडतायत, जिथे पेटीचं तोंड होतं ना, बरोब्बर तेवढ्याच उंचीवर. पुढे येतात, थांबतात, मागे जातात. पुन्हा येतात. एक काचेवर आहे माझ्यासमोर. पायांवर केवढाले पिवळे गोळे, पराग भरून आणलाय. ठेवायला जागा नाही, तर तशीच घेऊन बसलीय.

…हो. बादली भरलीय. कपड्यांना पाणी मारायची बाटली आहे, ती पण भरलीय.

…करते म्हटलं ना. करते.

…नको, चालू नको ठेवूस. आई ऐकेल. …स्पीकरवर बिकरवर काही नको गं.

…तू ठेव. …नाही, तूच ठेव. मी ठेवला ना, तर लगेच परत तुलाच लावीन, आणि मग दार नाही उघडायचं माझ्याच्याने.

…ताई, ठेव.

…ठेव गं.