बेयाचं दार

शादलिया : हे पीठ आहे की मेण? दाबलं की बोटाचा ठसा जसाच्या तसा राहतो. गंमत आहे.

वसीला : फाँडंट म्हणतात त्याला, आई. पिठीसाखर, जिलेटिन, थोडं ग्लुकोज, चमचाभर तूप. मळून मळून खांदे गेले माझे. चाखून बघा म्हटलं असतं, पण आज गुरुवार, तुमचा रोजा.

शादलिया : चाखायला कशाला हवं? वासावरून कळतंय, फुलांचं पाणी घातलंस. जिलेटिन मात्र…

वसीला : गाईचं आहे. डब्यावर हलाल लिहिलंय, दोनदा वाचलं. तुमची सून आहे मी, तेवढं कळतं मला.

शादलिया : विचारलं फक्त गं. खिडकी लावून घेऊ का? समुद्रावरून वारा सुटलाय, साखरेला घाम फुटेल.

वसीला : लावा. मघाशी केलेलं मांजर बघा, मान टाकून बसलंय.

शादलिया : हे मांजर होय! मला वाटलं, आमची मोंजिया जेवून आडवी झालीय.

वसीला : स्वतःच्या लेकीला असं म्हणतात का, आई! वन्संचा सकाळपासून फोनवर फोन. ‘दुकानातून आणते की गुलाबी राजकन्येचा केक, तू कशाला राबतेस?’ म्हटलं, नको. बेयाचा वाढदिवस आहे. बेयाला कळेल असाच केक हवा.

शादलिया : मोंजिया मनानं वाईट नाही. तिला डोळ्यांच्या पलीकडचं सुचत नाही, इतकंच.

वसीला : कुणाला सुचतं? गेल्या वर्षी आठवतंय ना? सगळे ‘किती सुंदर, किती सुंदर’ करत होते आणि माझी पोर विचारत होती, ‘काय सुंदर आहे?’ जन्मापासून दिसत नाही तिला, पण एकालाही सांगावंसं वाटलं नाही. शेवटी तिनं हात पुढे केला, तर सगळं घर ओरडलं, ‘हात नको, हात नको!’

शादलिया : मीही ओरडले होते.

वसीला : मीही. तेव्हापासून बघते, कुणाकडे गेलो की ही हात मांडीखाली घालून बसते. आणि परवा काय म्हणाली ठाऊक आहे? ‘केक त्यांच्यासाठी कर. मला एक मकरूद दे खजुराचा, मी खोलीत बसून खाईन.’ सात वर्षांची होतेय हो ती!

शादलिया : म्हणून केकवर हे दार.

वसीला : म्हणून हे दार. आपल्याच घराचं, नक्षीच्या खिळ्यांसकट. रोज येता-जाता हात लावते ती त्याला. आज सगळ्यांसमोर तिनं आपणहून हात पुढे करावा, आणि कुणी न सांगता म्हणावं, ‘हे आपलं दार.’ एवढंच हवंय मला.

शादलिया : अल्ला देईल. पण मग हा निळा रंग कशाला कालवलास? तिला काय त्याचं?

वसीला : वा, असं कसं? एकदा मी विचारलं होतं, बेया, निळा म्हणजे काय गं? म्हणाली, सकाळी आपलं दार गार लागतं, तो निळा.

शादलिया : आणि दुपारी तापतं तेव्हा?

वसीला : तेव्हा पिवळा.

शादलिया : सुब्हानअल्लाह. सारा जन्म गेला माझा त्या दारातून ये-जा करण्यात. दुपारी ते पिवळं होतं हे आज कळतंय.

वसीला : आता बघा, हे खिळे बसवले. एकेक गोळी वळून ठेवली होती, पाण्याचं बोट लावून चिकटवली. मधे चांदणी, वर चंद्रकोर, दोन्ही मोठ्या कड्या. फोटो समोर ठेवून केलंय. कसं दिसतंय?

शादलिया : दिसतंय तर अगदी हुबेहूब. थांब, मी डोळे मिटून हात लावू का? जपमाळ ओढताना मिटतेच की.

वसीला : हळू हं, ओलं आहे अजून.

शादलिया : बिस्मिल्लाह… गोळी… गोळी… ही काय, चांदणी का? काही कळत नाही गं, वसीला. भरतकामाच्या उशीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं.

वसीला : म्हणजे वायाच गेलं सगळं!

शादलिया : असं कुठे म्हटलं मी? मला कळलं नाही, कारण मी तरी आपलं दार कधी हाताळलंय? किल्ली फिरवली की आत.

वसीला : मी तरी कधी हाताळलंय? चला.

शादलिया : कुठे?

वसीला : दारापाशी. बेया शाळेतून यायच्या आत. मीही मिटते डोळे.

(दोघी रस्त्याच्या बाजूनं निळ्या दारासमोर.)

शादलिया : उभ्यानं नको, खाली बस. तिचा हात पोचतो तिथंच बघायचं.

वसीला : अहो, समोरचे बघताहेत.

शादलिया : बघू देत. म्हणतील, सासू-सुनेला एकाच दिवशी वेड लागलं. मिटलेस डोळे?

वसीला : मिटले. अगंबाई, इथे चांदणी नाहीच! चांदणी पार वर राहिली. आणि मोठ्या कड्या तर तिला ठाऊकच नसणार. तिची ही खालची, पोरांनी वाजवायची छोटी कडी. ती मी केलीच नाही.

शादलिया : इकडे लाकूड तडकलंय. बोट धरून नेल्यासारखं खाली नेतं. आणि हा खिळा बघ, घासून घासून गुळगुळीत झालाय. बाकीचे खरखरीत.

वसीला : समुद्राच्या हवेनं बाकीचे गंजले. हा रोजच्या हातानं वाचला. आई! इथे खिळाच नाही. नुसतं भोक आहे.

शादलिया : कधी पडला गं तो?

वसीला : कुणाला माहीत! आत काहीतरी आहे.

शादलिया : काढ बोट, किडा असेल.

वसीला : किडा नाही. थांबा, नखानं काढते. डोळे उघडू? बघा तर… बडीशेप! साखर लावलेली.

शादलिया : ही तर माझी! माझ्या रोज्याच्या दिवशी, सोमवारी-गुरुवारी, शाळेतून आली की मी मूठभर देते तिला.

वसीला : अजून आहेत आत. जुन्या, मऊ पडलेल्या. ही एक मुंग्यांनी अर्धी खाल्लीय. खायची सोडून इथे का खुपसून ठेवते?

शादलिया : मुंग्यांसाठीच असेल. किंवा दाराला भूक लागते असं वाटत असेल. मी लहानपणी विहिरीत खजूर टाकायची. आज विचारूच तिला.

वसीला : अजिबात नाही! आपण दार चाचपून आलो हे तिला कळलं तर मजा काय राहिली? होत्या तशा ठेवा आत. आणि चला, पुन्हा करायचंय सगळं.

शादलिया : चांदणी काढून टाकणार?

वसीला : चांदणी राहू दे वन्संसाठी. खालचा भाग बेयाचा. तुम्ही छोटी कडी वळा, मी तडा पाडते सुरीनं. भोक केवढं करू?

शादलिया : माझी करंगळी जाड आहे. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं कर. आणि खिळ्यांवर रवा लाव थोडा, खरखरीत लागतील. तो एक सोडून.

(संध्याकाळकडे कललेली वेळ. घरात पाहुणे. टेबलावर केक.)

बेया : सगळे एकदम गप्प का झाले? केक आला?

वसीला : आला.

बेया : सुंदर आहे?

वसीला : आम्ही नाही सांगणार. तू सांग.

बेया : मी कशी सांगू? हात लावायचा नसतो ना.

वसीला : या केकला हातच लावायचा असतो.

बेया : मोंजियाआतू ओरडेल.

शादलिया : नाही ओरडत. तिचा हात मी धरून ठेवलाय. तोंडही धरीन वेळ पडली तर.

बेया : नको. नंतर.

वसीला : बरं. नंतर.

बेया : मोडला तर?

शादलिया : मोडला तर खाऊ. नाही मोडला तरी खाणारच आहोत.

बेया : आजी, तू तर खाणार नाहीस. तुझा रोजा आहे. …एकच बोट लावते हं.

वसीला : लाव.

बेया : गार आहे. निळा?

वसीला : निळा.

बेया : हे खरखरीत काय आहे? आणि हे? हा गुळगुळीत. आई, थांब, बोलू नको.

वसीला : मी कुठे बोलले?

बेया : श्वास घेतलास मोठ्यानं. …ही माझी कडी! आणि ही फट, फट, फट… भोक! हे आपलं दार आहे! आई, आपलं दार टेबलावर का आणलंत? आता घराला काय राहिलं?

शादलिया : आहे गं आहे, घराचं जागेवर आहे. हे साखरेचं. तुझ्या आईनं केलंय.

बेया : भोकसुद्धा? तिला भोक माहीत आहे?

वसीला : आजच कळलं.

बेया : पण हे रिकामं आहे. बडीशेप नाही ठेवलीत?

शादलिया : ती कुणासाठी असते गं, बेया? मुंग्यांसाठी?

बेया : मुंग्यांसाठी कशाला? तुझ्यासाठी.

शादलिया : माझ्यासाठी?

बेया : तू मला देतेस आणि स्वतः खात नाहीस. म्हणतेस, सूर्य बुडल्यावर खाईन. मला तेवढा वेळ मुठीत नाही ठेवता येत, चिकट होते. म्हणून एक दारात ठेवते तुझी. तू घेतच नाहीस.

शादलिया : मला दिसलीच नाही, राणी.

बेया : दिसायला कशाला हवी? बोट घालायचं.

वसीला : आई, डोळे पुसा, पदर घ्या माझा.

शादलिया : आज ठेवलीस का गं?

बेया : ठेवली ना. मोठी बघून.

शादलिया : मग वसीला, आज रोजा सोडायला माझ्या ताटलीत खजूर नको ठेवूस. अजान झाली की मी आधी दारापाशी जाऊन येते.