उघडं बी

सांगतो, पण मध्ये कोणी हसायचं नाही. आमच्या कचेरीतले साहेब बदली होऊन गेले, तेव्हा त्यांच्या माळ्याने मला बियांची एक पुडी दिली. म्हणाला, "लेमन बाम. पुदिन्यासारखं विलायती झुडूप आहे, पानांना लिंबाचा वास येतो. चहात घाला. पण बी मातीवर नुसतं भुरभुरवायचं, झाकायचं नाही. उजेड लागला तरच रुजतं."

बी होतं जेमतेम तीन चिमटी. पहिली चिमूट कुंडीत टाकून कुंडी पडवीत ठेवली. तीन आठवडे कोंब नाही. उकरून बघतो तर वर चांगली दोन बोटं माती!

"उघडं पडलं होतं हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "मीच झाकलं."

दुसऱ्या चिमटीच्या वेळी घरात सगळ्यांना बजावलं. तर ती शेजारच्या काकूंनी झाकली. का, तर चिमण्या खातील! बी माझं, कुंडी माझी, आणि झाकायची घाई साऱ्या आळीला!

शेवटची चिमूट टाकली आणि ठळक अक्षरांत पाटी लिहून कुंडीत खोचली: 'यावर माती टाकू नये.'

सकाळी कुंडी पांढरीफटक. शेजारी आमचे नाना, म्हणजे वडील, हातात रिकामी करवंटी घेऊन उभे. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस!

"नाना, पाटी वाचलीत ना?"

"वाचली की. अक्षर सुधार जरा. पण माती कुठे टाकलीय मी? मुंग्या लागत होत्या, म्हणून चुलीतली राख घातली."