धवलारिणीचा श्वास

अमरीन : म्हणजे मी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्याच नाहीत?

शेवंताबाई : उकिरड्यान फेकल्या. मेडिकलवाला बोलला, त्याच्यात अफू हाय. माजा भाव अफूनंच गेला, डाक्टरीन बाय.

नमिता : डॉक्टर, ओट्यावरून पडून आजीच्या दोन बरगड्या मोडल्या, तेव्हापासून धड श्वास घेत नाही. रविवारी माझं लग्न. अख्ख्या तळवलीत लग्नातले धवले गाणारी धवलारीण आता हीच एक उरलीय.

शेवंताबाई : तुज्या लग्नान कॅसेट लावा.

नमिता : आजी, कायपण काय बोलतेस!

अमरीन : आजी, जरा खोकून दाखवा.

शेवंताबाई : आय गं... नाय जमत.

अमरीन : दुखतं म्हणून तुम्ही वरवर श्वास घेता. मग छातीत कफ साचतो, न्यूमोनिया होतो. गाणं राहिलं बाजूला, जिवावर बेतेल. ह्या गोळीत दोन औषधं आहेत. एक पॅरासिटामॉल, तापावर घेतो तीच. दुसरं कोडीन. ते अफूच्याच घराण्यातलं, मी खोटं नाही बोलणार.

शेवंताबाई : बग! मी काय बोलली?

अमरीन : पूर्ण ऐका ना. दोघं दोन वेगळ्या वाटांनी दुखणं अडवतात. एकट्याला झेपत नाही ते जोडीला झेपतं, म्हणून कोडीन थोडंसंच लागतं. तुमच्या भावाला अफू मोजून कोण द्यायचं?

शेवंताबाई : कोन देनार? त्याचा त्योच घ्यायचा.

अमरीन : इथे मी मोजून देतेय. पाचच दिवस. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून घ्यायची. सोबत तापाची दुसरी गोळी अजिबात नको. गुंगी येईल, पोट साफ होणार नाही, पाणी भरपूर प्या. नंतर साधी गोळी.

शेवंताबाई : पाच म्हनजे पाच. सहाव्या दिवशी मी रडली तरी देऊ नको.

(रविवार संध्याकाळ. तळवलीतला लग्नाचा मांडव.)

नमिता : डॉक्टर! आलात! ऐकलंत का?

अमरीन : मेन रोडपासून ऐकतेय. लाऊडस्पीकर लावलात ना?

नमिता : कुठला लाऊडस्पीकर! माइक आजीनं ढकलून दिला. सकाळपासून गातेय. वरातीतले बँडवालेपण वाजवायचं सोडून ऐकत उभे राहिले!

अमरीन : आजी, बरगडी काय म्हणते?

शेवंताबाई : हाय तिथंच हाय. पन आता मना गाऊ देते. बग, कशी खोकतंय... खॉक! पोटातून!

अमरीन : वा! आता पुरे, दमाल. बसा बघू.

शेवंताबाई : बसतंय. येकच धवला राह्यलाय, नमीच्या पाठवनीचा.

अमरीन : दुखलं तर लगेच सांगा.

शेवंताबाई : त्यो दुखनारच, बाय. त्याला गोली नको.