गाडी बोलत नाही

कानाच्या डॉक्टरांकडे शिवणवाल्या बाई कानात कापसाचा बोळा घालून बसल्या होत्या, तरी शेजारच्या काका-काकूंचं मोठमोठ्यानं चाललेलं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं.

“बॅटरीच्या गाडीत बसलो की माझ्या कानाला दडे बसतात. आत नुसतं घुमतं.”

“मला तर काहीच होत नाही.”

“तेच तर कळत नाही! गाडी एक, मग त्रास एकट्यालाच कसा?”

“जुन्या गाडीत घसा फोडून बोलायचात, तेव्हा नाही दुखले कान?”

“तिचं इंजिन केवढं घरघरायचं! आता कशाला ओरडू?”

“म्हणून तोंडच शिवून टाकायचं? नवी गाडी आल्यापासून गाडीत अवाक्षर काढत नाही तुम्ही. मला वाटलं, रागावलात.”

“मी? अगं, मी तर रोज बोलतो! तूच खिडकीबाहेर बघत बसतेस.”

“काहीतरीच तुमचं.”

शिवणवाल्या बाईंनी हळूच बोळा काढला. काका क्षणभर काकूंकडे बघत राहिले. मग अगदी गाडीतल्यासारखं, हळू आवाजात म्हणाले, “जुनी गाडी परत आणू या का गं?”

काकू भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होत्या.

आतून नर्स आली. “चला, कान कोणाचे दाखवायचेत?”

काका उठले आणि पुन्हा खाली बसले.